विरारहून एमबीए

एक्झिक्युटिव्ह एमबीए हा नोकरीत असलेल्या माणसासाठी बेतलेला व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम. नोकरी सोडायची नाही, पगार थांबू द्यायचा नाही आणि तरीही हिशेब, वित्त, विपणन, उत्पादन, मनुष्यबळ हे विषय रीतसर शिकायचे, अशी त्याची मांडणी असते. तास संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी होतात. विद्यार्थी बहुधा तिशीतले किंवा चाळिशीकडे झुकलेले, संसारात पडलेले. माहितीपत्रकात विषय, प्राध्यापक आणि पुढची पगारवाढ यांच्याबद्दल भरपूर छापलेले असते. वसई-विरारहून हा अभ्यासक्रम करणाऱ्याला त्याआधी लोकल आणि घर या दोन गोष्टींचा विचार करावा लागतो, आणि त्यांच्याबद्दल माहितीपत्रकात एक ओळही नसते.

पोट भरता भरता शिकण्याची सोय महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना वर्ग आटोपून कचेरी गाठता यावी म्हणून ते सकाळचे ठेवले. व्यवस्थापनाच्या शिक्षणात हीच कल्पना शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, अमलात आणली. कारखान्यांना व्यवस्थापक हवे होते आणि त्यांना दोन वर्षे कामावरून मोकळे करणे परवडणारे नव्हते. भारतात १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद येथे आयआयएम उभ्या राहिल्या. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज संस्था काढली. तीन वर्षांचे अंशकालीन पदव्युत्तर अभ्यासक्रम मुंबईतल्या नोकरदारांना ओळखीचे झाले ते याच विद्यापीठामुळे. वित्त, विपणन आणि मनुष्यबळ असे त्यांचे वेगवेगळे फाटे आहेत. ‘एक्झिक्युटिव्ह’ हा भारदस्त शब्द नंतर आला. त्याआधी लोक साधेपणाने ‘पार्ट टाइम करतोय’ म्हणत, आणि अजूनही म्हणतात.

पदवी आणि पदविका यांतला फरक इथेच सांगितलेला बरा, कारण घरच्या चर्चेत त्यावरून हमखास गोंधळ होतो. आयआयएम आपल्या विद्यार्थ्यांना पूर्वी पदव्युत्तर पदविका देत. २०१७ चा आयआयएम कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला आणि त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२० ची नियमावली आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. नामवंत संस्थेचे नाव ठळक छापलेला सहा-आठ महिन्यांचा ‘एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम’ मात्र बहुतेक वेळा नुसते प्रमाणपत्र देतो. त्यात शिकायला मिळत नाही असे नाही, पण बढतीच्या अर्जात ‘एमबीए’ समोरची चौकट त्याने भरत नाही.

वसई-विरार ही नोकरदारांची वस्ती कशी झाली, ते थोडक्यात पाहू. बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ मध्ये आली. गिरगाव, परळ, दादरच्या चाळींतली मराठी कुटुंबे गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत मोठ्या संख्येने नालासोपारा आणि विरारला आली, कारण मुंबईत घर घेणे त्यांच्या आवाक्याबाहेर गेले होते. महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. १ ऑगस्ट २०१४ पासून वसई तालुका ठाण्याऐवजी नव्या पालघर जिल्ह्यात गेला. जिल्ह्याचे ठिकाण उत्तरेला गेले तरी नोकऱ्या दक्षिणेलाच राहिल्या.

पदवीपर्यंतचे शिक्षण इथेच होते. वसईला वर्तक महाविद्यालय आहे, संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय आहे. व्यवस्थापनाच्या नावाजलेल्या संस्था मात्र खाडीपलीकडे आहेत. जमनालाल बजाज आणि सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था चर्चगेटला, वेलिंगकर माटुंग्याला, नरसी मोनजी विलेपार्ल्याला, एस. पी. जैन अंधेरीला. आयआयटी पवईला, आणि १९६३ मध्ये स्थापन झालेली व २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालेली निटीही पवईलाच. क्रमवारीच्या कोष्टकात या संस्था एका क्रमाने लागतात. विरारकराच्या डोक्यात त्या रेल्वेच्या नकाशावर लागतात, आणि दोन्ही क्रम जुळतातच असे नाही.

चर्चगेट विरारपासून ६० किलोमीटरवर आहे, म्हणजे सर्वांत लांब. तरीही दक्षिण मुंबईत नोकरी असलेल्यासाठी तेच सर्वांत सोयीचे ठरू शकते. कचेरीतून चालत वर्गाला जाता येते. वर्ग सुटल्यावर गाडी तिथूनच सुटते, गर्दीचा भर ओसरलेला असतो आणि बसायला मिळण्याची आशा असते. विलेपार्ले त्याच्या मानाने कितीतरी जवळ, पण तिथे फास्ट गाडी थांबत नाही. स्लोने एक स्टेशन पुढे अंधेरीला यायचे आणि तिथे आधीच भरून आलेल्या विरार फास्टमध्ये घुसायचे. संध्याकाळी सात वाजता खांद्यावर लॅपटॉपची पिशवी असताना हे जमवणे हा एक स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. पवईला अंधेरीहून पुढे रस्त्याने जावे लागते. म्हणून संस्था निवडताना जाणते लोक पहिला प्रश्न विचारतात तो असा: ‘तास किती वाजता सुटतो?’

आता वेळेचा हिशेब. आठवड्याचे तास १६८. विरारहून लोअर परळ किंवा चर्चगेट भागात नोकरी आहे असे धरू. घर ते स्टेशन रिक्षा, गाडीची वाट, फास्टची तास-सव्वा तासाहून अधिक धाव, पुढे पायी. एका बाजूला दोन तास सहज जातात. रोजचे चार, पाच दिवसांचे २०. नोकरीचे ४५. शनिवार-रविवारचे वर्ग १२ तास आणि त्यांच्यासाठी अंधेरीपर्यंतच्या दोन फेऱ्यांचे ६. घरचा अभ्यास, गटकार्य आणि लेखी काम यांना १० तास हे कमीत कमी. झोप साडेसहा तासांप्रमाणे साडेपंचेचाळीस. बेरीज एकशे साडेअडतीस. उरले साडेएकोणतीस, म्हणजे दिवसाला जेमतेम सव्वाचार तास. त्यात आंघोळ, जेवण, भाजी, दुखणीखुपणी, मुलांचा अभ्यास, सोसायटीची मीटिंग आणि पाणी येण्याची वेळ सांभाळणे हे सगळे बसवायचे. कचेरी पाच दिवसांची असेल तरच हा हिशेब एवढा तरी जमतो. शनिवारी अर्धा दिवस असेल तर त्यातले पाच-सहा तास आणखी गेले.

हे सव्वाचार तास विद्यार्थ्याच्या एकट्याच्या मालकीचे नसतात, ही या विषयातली कळीची गोष्ट. प्रवेश एकाला मिळतो आणि वेळ सगळ्या घराची खर्च होते. शनिवारी सकाळी वडील वर्गाला गेले की मुलाला पोहायला नेणे आईकडे येते, सासऱ्यांची डॉक्टरची वेळ धाकट्या भावाकडे, गॅसचा नंबर शेजारच्या काकूंकडे. यातले काहीच फीच्या पावतीत दिसत नाही. वन बीएचके घरात तर जागेचाही प्रश्न असतो. रात्री अकराला गटाची ऑनलाइन बैठक सुरू झाली की हॉलमध्ये झोपणाऱ्यांनी आत जायचे की बोलणाऱ्याने स्वयंपाकघरात बसायचे, याचा निकाल पहिल्या सत्रातच लागतो. बहुधा स्वयंपाकघराच्या बाजूने.

विद्यार्थी बाई असेल तर हिशेब मुळातून बदलतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटे भरला आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. शिवाय घरकामात भागच घेणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के, पुरुषांत २६.१. हे आकडे देशभराचे आहेत, त्यात नोकरी न करणाऱ्याही आल्या. तरी वरच्या हिशेबाशेजारी ठेवून पाहिले तर अडचण लगेच दिसते: २९९ मिनिटे म्हणजे पाच तास, आणि शिल्लक होते सव्वाचार. पुरुषाच्या बाबतीत ‘घर सांभाळून घेते’ असे वाक्य चालते. बाईच्या बाबतीत घर सांभाळून घेणारे कोण, हे प्रवेशाच्या आधीच ठरवावे लागते. सासू किंवा आई त्याच इमारतीत राहत असेल, पाळणाघर उशिरापर्यंत उघडे असेल, नवरा पोळ्या लाटत असेल, तर गाडे चालते. मुलाखतीत ‘घरून पाठिंबा आहे ना?’ हा प्रश्न बायकांना विचारला जातो. खरे तर तो सगळ्यांना विचारायला हवा.

पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. बायकांच्या डब्यात परतीच्या वाटेवर मटार सोलणे, पालेभाजी निवडणे हा जुना शिरस्ता आहे. त्याच बाकावर आता ताळेबंद वाचणारी एखादी दिसते, आणि तिच्या पिशवीत भाजीही असतेच.

गाडीतला अभ्यास ही ऐकायला छान वाटणारी आणि करायला अवघड गोष्ट. सकाळी विरार लोकलमध्ये हात वर करून फोन धरण्याइतकीही जागा नसते. पिशवी पोटाशी घेऊन उभे राहायचे एवढेच. बसायला हवे असेल तर नालासोपारा-वसईचे लोक ‘रिटर्न’ घेतात, म्हणजे उलट्या दिशेच्या गाडीने विरारला जाऊन त्याच गाडीत बसून परत येतात. यात अर्धा तास वाढतो, पण पुढचा सव्वा तास वाचायला मिळतो, आणि परीक्षेच्या दिवसांत हा सौदा परवडतो. रोजच्या गाडीला ठरलेला ग्रुप असेल तर तोही कामाला येतो. भजन म्हणणारे आवाज खाली आणत नाहीत, पण परीक्षार्थीला चौथी सीट तरी देतात. डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिम रेल्वेवर वातानुकूलित लोकल धावू लागली आणि नंतर ती विरारपर्यंत आली. कानात व्याख्यान घालून तिच्यात उभे राहणे त्यातल्या त्यात सुसह्य. एवढेच की तिचा पास महाग, आणि तो खर्च फीच्या हिशेबात कोणी धरत नाही.

वर्गाचा वार आणि गावाचा वार यांचेही भांडण असते. रविवार हा पश्चिम रेल्वेच्या जम्बो ब्लॉकचा दिवस. वर्ग नऊला असला तर घरून सहाला निघणारे लोक वेळापत्रकावर विश्वास न ठेवण्याचे धडे आधीच शिकलेले असतात. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, पापडी, नंदाखाल, भुईगाव, गास या गावांतल्या ख्रिस्ती कुटुंबांत रविवारची मिस्सा चुकवायची नसते. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, इतकी ही वस्ती जुनी आणि दाट. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारच्या जागी धरली जाते, त्यामुळे वाट निघते. पण शनिवारीही वर्ग असला की पहाटेच्या मिस्सेशिवाय इलाज राहत नाही. गणपतीत कोकणात गावी जाणाऱ्यांची गाठ सत्राच्या मध्यावरच्या चाचणीशी पडते. मार्च तर सगळ्यांवर एकदम येतो: कचेरीत वर्षअखेर, मुलांची परीक्षा आणि स्वतःचीही.

ज्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा वारच वेगळा, त्यांच्याकडे तर या अभ्यासक्रमांचे लक्षच नसते. राज्यातल्या अनेक औद्योगिक वसाहतींना सुट्टी रविवारी नसते. पिंपरी-चिंचवडला ती गुरुवारी असते. पाळीत काम करणारा तारापूरचा केमिस्ट किंवा वालीवच्या कारखान्यातला सुपरवायझर ‘वीकेंड बॅच’ या शब्दात बसत नाही. त्याच्यासाठी दूरस्थ शिक्षण उरते. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इग्नूने १९८७ पासून व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम दिले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे. फी काही हजारांत, पुस्तके घरपोच, वर्गाची सक्ती नाही. यात सोबत कोणी नसते ही उणीव. अभ्यास एकट्याने करायचा असला की तो मागे पडतो, आणि मागे पडल्याचे सांगायलाही कोणी नसते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीने गाड्या बंद झाल्या. सर्वसामान्यांना ठरावीक वेळांत प्रवास १ फेब्रुवारी २०२१ पासून मिळाला, पण दुसऱ्या लाटेत तो पुन्हा थांबला. लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना पास मिळू लागले ते १५ ऑगस्ट २०२१ पासून. या काळात वर्ग पडद्यावर गेले आणि प्रवासाचे वीस-पंचवीस तास विरारकराच्या खात्यात एकाएकी जमा झाले. मिश्र पद्धतीचे अभ्यासक्रम तेव्हापासून फोफावले: बहुतेक तास ऑनलाइन, सत्रातून एक-दोनदा संस्थेत मुक्काम. पडद्यालाही त्याची स्वतःची विघ्ने आहेत. इथे वीज महावितरणची, आणि पाऊस नालासोपाऱ्याचा. ९-१० जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या आणि वसईत वीजही तोडावी लागली. अशा दिवशी विरारकर प्रत्यक्ष वर्गालाही पोहोचत नाही आणि ऑनलाइनही.

वर्गात काय शिकवतात, याला वसईच्या चष्म्यातून पाहिले तर गंमत येते. उत्पादन व्यवस्थापनात लिटलचा नियम येतो: रांगेतली माणसे म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. खिडकीशी मिनिटाला दहा माणसे येत असतील आणि प्रत्येक जण सहा मिनिटे थांबत असेल, तर रांग साठची. विरारच्या तिकीट खिडकीशी वाढलेल्या मुलाला हे सूत्र पाठ करावे लागत नाही. अडथळ्याचा सिद्धान्त समजवायला प्राध्यापक कारखान्याचे उदाहरण घेतात; बोरिवली ते विरार चार मार्ग होईपर्यंतचा काळ ज्याने पाहिला त्याला एकाच अरुंद जागी सगळी साखळी कशी अडते ते माहीत असते. हार्वर्डने २०१० मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांवर केस स्टडी काढली, ती इथल्या वर्गांतही वाचली जाते. ज्या गाडीच्या सामानाच्या डब्यातून ते डबे जातात त्याच गाडीच्या शेजारच्या डब्यात विद्यार्थी ती केस वाचत उभा असतो.

अडचण येते ती निराळ्या ठिकाणी. इंजिनिअरला जमा-नावे उलटी वाटते आणि वाणिज्यवाल्याला संख्याशास्त्र. मराठी माध्यमातून आलेल्याला पंधरा-वीस पानांची इंग्रजी केस वाचायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो, आणि वर्गात हात वर करायला त्याहून जास्त. केस पद्धतीत बोलण्याला गुण असतात. दहा वर्षे सेल्समध्ये दुकानदारांशी मराठी-हिंदीत उत्तम घासाघीस केलेला माणूस तिथे पहिले सत्र गप्प बसतो. दुसऱ्या सत्रात बहुतेकांची भीड चेपते, कारण अनुभव त्यांच्याकडेच असतो. इंग्रजी येणाऱ्याकडे तो असेलच असे नाही.

वसई पूर्वेच्या नवघर, गोखिवरे, सातिवली, वालीव पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांना या शिक्षणाचा सरळ उपयोग खेळत्या भांडवलाच्या धड्यात होतो. माल दिला, पैसे तीन महिन्यांनी, मध्ये पगार आणि वीजबिल स्वतःच्या खिशातून, हे तिथले रोजचे चित्र. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यायचे असतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्याच्या ४३ बी कलमात भर पडली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजावटीत धरता येतो. ही तरतूद ठाऊक असलेला मुलगा बापाच्या कारखान्यात येतो तेव्हा पहिल्यांदा लेखी ऑर्डर मागू लागतो. बापाला ते उर्मटपणाचे वाटते, गिऱ्हाइकालाही वाटते. वर्गात शिकलेल्या ‘नेट प्रेझेंट व्हॅल्यू’च्या सूत्रापेक्षा ही एक सवय घराला जास्त देऊन जाते.

पैशाचे गणित फीपासून सुरू होते. मुक्त विद्यापीठात काही हजार, विद्यापीठाच्या अंशकालीन अभ्यासक्रमांना काही लाख, नामवंत संस्थांत वीस लाखांच्या पुढे. आयआयएमच्या दीर्घ मुदतीच्या पदवी अभ्यासक्रमांना, त्यात एक्झिक्युटिव्हही आले, जीएसटी नाही. अल्प मुदतीच्या कार्यक्रमांना आहे. १ जानेवारी २०१९ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलेले आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, रकमेची मर्यादा नाही, पण जुनी कररचना निवडली तरच. घराचा हप्ता आधीच चालू असलेल्या विरारकराला दुसरा हप्ता जड जातो, म्हणून काही जण भविष्यनिर्वाह निधीला हात लावतात. कंपनीने फी भरली तर बहुधा बंधपत्र येते: अमुक वर्षे नोकरी सोडायची नाही, सोडली तर पैसे परत. सही करण्याआधी ते नीट वाचले जात नाही आणि नोकरीची चांगली संधी आली की मग वाचले जाते. कित्येक जण वरिष्ठांना सांगतच नाहीत. सांगितले तर ‘हा आता जाणार’ असा शिक्का बसतो, आणि न सांगितले तर परीक्षेसाठी रजा मागताना दर सत्राला एक नवे लग्न शोधावे लागते.

परीक्षा संपतात, प्रबंध सादर होतो. पदवीदान समारंभ कामाच्या दिवशी असला तर त्यालाही रजा टाकावी लागते. बढती मिळणे हे कंपनीच्या गरजेवर असते, पदवीवर कमी. नोकरी बदलणाऱ्यांना फायदा अधिक दिसतो, कारण अर्जांच्या पहिल्या चाळणीत पदवी पाहिली जाते. नवी जागा वांद्रे-कुर्ला संकुलात मिळाली तर वांद्र्याला उतरून पुढे शेअर रिक्षा धरावी लागते. अंधेरीला मिळाली तर रोजचा तासभर वाचतो. पगार बराच वाढला तर काही कुटुंबे बोरिवलीकडे सरकतात, पण आईवडील आणि मुलांची शाळा वसईत असली की तेही राहून जाते. शनिवार मोकळा होतो तो मात्र सगळ्यांचाच. दोन-तीन वर्षे घरच्यांनी उचललेली कामे तोवर त्यांच्याच अंगवळणी पडलेली असतात, आणि ती परत मागून घेण्याची घाई विद्यार्थ्याकडून क्वचितच होते.